क्लबातली महिन्याची स्पर्धा चालू ठेवावी का? नवीन मेंबर गळतायत

माहुलीकर:

नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमचा हौशी लोकांचा फोटोग्राफी क्लब आहे. बँकेतले, शिक्षक, दोन-तीन डॉक्टर, एक मेडिकलवाले, कॉलेजची पोरं असे सगळे आहेत, पोटापाण्यासाठी फोटो काढणारं कुणीच नाही. दर महिन्याला एका रविवारी पहाटे बाहेर पडतो, कधी संगम माहुली, कधी सज्जनगड, लिंबची बारामोटेची विहीर, मेणवलीचा घाट, पावसात ठोसेघर, सप्टेंबरात कास. नंतर संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये जमून फोटो बघायचे. सुरुवातीला लय मजा यायची, लोक डबे घेऊन यायचे, एकमेकांच्या लेन्स लावून बघायचे.

मग कुणीतरी म्हणालं महिन्याला स्पर्धा घेऊ, म्हणजे लोक सिरियसली काढतील. चालू केली. विषय नाही, कुठलाही फोटो चालेल, ग्रुपवर पाठवायचा, बाहेरचे एक परीक्षक मार्क देतात आणि पहिला-दुसरा-तिसरा कळवतात. आता झालंय असं की दर महिन्याला त्याच तिघा-चौघांची नावं येतात, ते चांगलेच काढतात त्याबद्दल वाद नाही, पण ताडोब्याचा वाघ आणि लडाखचं तळं यांच्यापुढं आपला मोबाईलवरचा भाजी मंडईचा फोटो कोण पाठवणार. नवीन आलेल्यांनी पाठवणंच बंद केलं आणि हळूहळू यायचंही बंद केलं. गेल्या वेळी एकानं आकाश बदललेला फोटो टाकला त्यावरून ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत भांडणं, दोघंजण ग्रुप सोडून गेले.

कमिटीत दोन मतं आहेत, काही म्हणतात स्पर्धा बंदच करा, काही म्हणतात स्पर्धा नसेल तर क्लबात उरतं काय. मला क्लब टिकायला हवाय, मनापासून. ज्यांच्या गावात असे क्लब नीट चाललेत त्यांनी सांगा, मोबाईल आणि कॅमेरा वेगळा ठेवता का, विषय देता का, एडिटिंग किती चालतं, परीक्षक कसे नेमता? आणि प्रिंट मागावी की प्रोजेक्टरवर बघावं?

एनलार्जर:

माहुलीकर, स्पर्धा बंद करू नका, पण तुम्ही जी घेताय तिच्यात फक्त निकाल आहे, तो तेवढा बदला. ग्रुपवर पहिला दुसरा तिसरा असा मेसेज आला की बाकीच्या पंचवीस जणांना काय मिळालं? काहीच नाही. आपला फोटो का मागं राहिला हे कुणी सांगितलंच नाही तर माणूस पुढच्या महिन्यात काय वेगळं करणार?

मी फिल्मच्या काळापासून मुंबईत क्लबात जातोय. आपल्याकडं ही परंपरा फार जुनी आहे हो. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी त्यात होते, म्हणजे तुमच्या क्लबात डॉक्टर आहेत हेही काही नवीन नाही! पुढं १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया मुंबईतच निघाली. आमच्या पिढीचे कित्येकजण क्लबात बसूनच शिकले, तेव्हा कुठं क्लास होते नि कुठं व्हिडिओ. एखाद्या जाणत्या माणसानं आपली प्रिंट हातात धरून सगळ्यांसमोर चार वाक्यं बोलावीत, तीच शाळा.

एक उदाहरण देतो म्हणजे मला काय म्हणायचंय ते लक्षात येईल. एका मुलीनं बेंदराची प्रिंट आणली होती, शेतकरी बैलाची शिंगं रंगवतोय, ब्रश शिंगाला टेकलाय, बैलानं मान थोडी वळवलीय, सुंदर क्षण. पण उजव्या बाजूला पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची आणि मोटरसायकलचं हँडल. परीक्षकांनी खिशातून काळ्या पुठ्ठ्याच्या दोन एल आकाराच्या पट्ट्या काढल्या, प्रिंटवर ठेवल्या आणि हळूहळू उजवीकडून आत सरकवत आणल्या. खुर्ची गेली, हँडल गेलं, पण शेतकऱ्याचं कोपरही कापलं गेलं. परत बाहेर नेल्या. मग म्हणाले, हे कापून सुटणारं नाही, तू डावीकडं एक पाऊल टाकलं असतंस तर खुर्ची बैलाच्या अंगाआड गेली असती. हॉलमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या, ज्यांची प्रिंट नव्हती त्यांनीसुद्धा. त्या मुलीला त्या महिन्यात नंबर नव्हता पण पुढच्या महिन्यापासून तिची मागची बाजू एकदम साफ यायला लागली. त्या दोन पुठ्ठ्यांना काही खर्च नाही, घरी ब्लेडनं कापा, आतला काठ सरळ पाहिजे एवढंच.

पद्धत सांगतो. परीक्षक तीन ठेवा, एकटा नको, एकट्याच्या आवडीनिवडीवर सगळं जातं, एखाद्याला ब्लॅक अँड व्हाइटच आवडत नाही मग काय करणार. फोटोवर नाव नको, नुसता नंबर. पहिली फेरी सगळे फोटो भराभर नुसते बघायचे, मार्क नाहीत, म्हणजे एकूण पातळी लक्षात येते, नाहीतर पहिल्या चार-पाच फोटोंवर अन्याय होतो. दुसऱ्या फेरीत प्रत्येकानं पाचपैकी मार्क द्यायचे, पंधरापैकी बेरीज. आणि मग तिसरी फेरी, हीच खरी, परीक्षकांनी प्रत्येक फोटोवर बोलायचं, जिंकलेल्यावर कमी आणि राहिलेल्यावर जास्त. वेळ नसेल तर फोटो कमी घ्या, एकाचा एकच घ्या, पण बोलणं कापू नका. परीक्षकांना आधीच सांगून ठेवा की "छान", "ठीक" असं बोलून पुढं जायचं नाही, एक गोष्ट चांगली आणि एक गोष्ट सुधारण्यासारखी, दोन्ही बोट ठेवून दाखवायच्या.

आणि शक्य असेल तर महिन्याआड तरी प्रिंट मागाच. बारा बाय अठरा इंच, कुठल्याही लॅबमध्ये होते. स्क्रीनवर माणूस दोन सेकंदात पुढं जातो, प्रिंटपुढं थांबतो. आणि काढणाऱ्यालाही कळतं की आपण सावल्या किती काळ्या केल्यात, मोबाईलच्या झगझगीत स्क्रीनवर जे दिसत होतं ते कागदावर गायबच आहे. प्रिंटवर उजेड मात्र पांढरा ठेवा, हॉलचे पिवळे दिवे असतील तर रंगांबद्दल बोलण्यात अर्थ नाही, दिवसा खिडकीजवळ बघितलेलं बरं.

रानसोबती:

एनलार्जर काकांशी सहमत. मी नियमांबद्दल लिहितो कारण भांडणं तिथंच होतात, आणि नियम आधी लिहून दिलेले असले की निम्मी होतच नाहीत.

वेगवेगळे विभाग करा आणि प्रत्येकाचा नियम एका कागदावर लिहा. ओपन म्हणजे खुल्या विभागात आकाश बदला, दोन फोटो जोडा, काय करायचं ते करा, फक्त सगळे तुकडे स्वतः काढलेले पाहिजेत, नेटवरून उचललेलं आकाश नको. मोनोक्रोम म्हणजे काळा पांढरा किंवा सगळ्या फोटोला एकच रंगछटा, सेपिया वगैरे, पण काळ्या पांढऱ्यात फक्त कुंकू लाल ठेवलं की तो रंगीत विभागात गेला, फियापची, म्हणजे फोटोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, व्याख्या पण अशीच आहे. आणि नेचर सगळ्यात कडक. क्रॉप चालेल, एक्सपोजर, काँट्रास्ट चालेल, पण फ्रेममधून काही पुसायचं नाही, काही घालायचं नाही, हलवायचं नाही. मध्ये आलेली काडीसुद्धा पुसायची नाही. तुमचं त्या रात्रीचं भांडण बघा, फोटो ओपनला असता तर हरकत नव्हती, नेचरला असता तर सरळ बाद, वाद कशाला? पहिल्या तीन नंबरांना रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातली एडिट न केलेली मूळ फाईल, दाखवायला सांगा, मोबाईलवाल्यांकडं ओरिजिनल फाईल, ग्रुपवर फिरून आलेली नको कारण त्यात माहिती उडालेली असते.

हे लहान क्लबाला जड वाटेल पण मोठ्या ठिकाणी काय होतं ते बघा. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर २००९ चा मुख्य विजेता फोटो होता कुंपणावरून उडी मारणारा लांडगा, नंतर परीक्षकांचं मत झालं की तो पाळीव लांडगा असण्याची दाट शक्यता आहे, २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं. त्याच स्पर्धेत २०१७ ला वारुळाजवळच्या मुंगीखाऊचा फोटो एका विभागात पहिला आला, तो पेंढा भरलेला प्राणी आहे असं तज्ज्ञांनी सांगितलं आणि २०१८ मध्ये बाद केला. आणि एआयचा नियम आजच घाला. २०२३ मध्ये सोनीच्या जागतिक स्पर्धेत बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकाराची एआयनं केलेली इमेज एका विभागात जिंकली, त्यानं स्वतःच बक्षीस नाकारलं. तिथले परीक्षक फसू शकतात तर आपण कोण. मेंबरनं फॉर्मवर सही करायची की इमेज कॅमेऱ्यातून आलेली आहे, झालं.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घरट्याचे फोटो स्पर्धेत घेऊच नका. पिल्लांना भरवतानाचा फोटो दिसतो गोड, त्यासाठी लोक घरट्यासमोरच्या फांद्या बाजूला करतात, ऊन आणि कावळे दोन्ही आत येतात. आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धांनी बंदी घातलीय ती उगाच नाही. घुबडाच्या डोळ्यावर फ्लॅश, आमिष टाकून काढलेले फोटो, हे पण नको. आणि तुम्ही कासला जाता म्हणून सांगतो, मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळून फोटो घ्यायला, फुलांमध्ये आडवं झोपलेली माणसं मी बघितलीत, तुमचा क्लब तिथं पायवाट सोडत नाही अशी ओळख झाली तर कुठल्याही ट्रॉफीपेक्षा मोठी गोष्ट आहे. लांब लेन्स लावा, वाटेवरूनच खाली बसा, भरपूर मिळतं.

रंकाळा_क्लिक:

मी कोल्हापूरहून, आणि मी मोबाईलवालीच आहे, त्यामुळं त्या बाजूनं लिहिते.

मोबाईलचा वेगळा विभाग करू नका प्लीज. वेगळा केला की तो खालचा वर्ग होतो, लोक म्हणतात "मोबाईलमध्ये पहिली ना". आमच्या इथं जे केलं त्यानं फरक पडला ते म्हणजे विषय द्यायचा, फोटो त्याच महिन्यात काढलेला पाहिजे आणि आपल्याच तालुक्यात काढलेला पाहिजे. बास. ताडोबा गेला, लडाख गेलं, राहिलं ते ज्याच्या त्याच्या दारात. आणि मग कळतं की महागडी लेन्स असणाऱ्याला पण बघावं लागतं. विषय पण "निसर्ग" "सौंदर्य" असले नकोत, त्यानं काहीच सुचत नाही. दार. ओलं. हात. दुपारी बाराचं ऊन. वाट बघणारी माणसं. हा शेवटचा विषय दिला तेव्हा एसटी स्टँडवरचे इतके सुंदर फोटो आले, एका काकूंनी त्यांच्या फोनवर पिशवीवर डोकं टेकून झोपलेल्या आज्जीचा फोटो काढला होता, विचारून काढला होता बरं का, आज्जींना दाखवला पण होता, त्या फोटोवर परीक्षक सगळ्यात जास्त वेळ बोलले.

विचारण्यावरून आठवलं, लहान मुलांचे फोटो असतील तर आईवडिलांना विचारल्याशिवाय स्पर्धेला घ्यायचे नाहीत हा नियम आम्ही ठेवलाय. प्रदर्शनात लावताना तर नक्कीच.

प्रिंटचं पण मोबाईलवाल्यांना भीती वाटते की मोठी होणार नाही, फुटेल. नाही फुटत. बारा मेगापिक्सेलचा फोटो चार हजार बाय तीन हजार असतो, बारा बाय अठराला दोनशेच्या वर डीपीआय, म्हणजे एका इंचात तितके ठिपके, मिळतो, हातभर अंतरावरून बघायला पुरतो. झूम न करता काढलेला पाहिजे आणि ग्रुपवरून डाउनलोड केलेला नको एवढंच. फक्त एक लक्षात ठेवायचं, मोबाईलचा फोटो चारास तीन असतो आणि बारा बाय अठरा तीनास दोन, त्यामुळं लॅबवाले विचारत नाहीत आणि वरून खालून कापून टाकतात, एकीच्या फोटोतला कळसच गेला होता. आधी स्वतः क्रॉप करून द्या, नाहीतर पांढरी बॉर्डर ठेवून छापा म्हणून सांगा.

अजून एक करून बघा, स्पर्धाच नाही अशी एक बैठक. सगळ्यांनी एका जागी जायचं, एक तास, परत येऊन प्रत्येकानं एकच फोटो दाखवायचा. जोतिबाच्या चैत्र यात्रेला असं केलं होतं, गुलालात कॅमेरेवाले बिचारे प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून, लेन्स न बदलता, मोबाईलवाल्या आम्ही फोन ओढणीनं पुसत! एकच देऊळ, एकच गुलाल आणि प्रत्येकाचं वेगळं, कुणाला सासनकाठी दिसली, कुणाला कपाळ, कुणाला पायऱ्यांवर साचलेला गुलाबी थर. तिथं पहिला दुसरा करायचा कुणाच्या मनातही आलं नाही.

आणि बैठकीची वेळ बघा. रविवारी संध्याकाळी सात म्हणजे आमच्यासारख्यांना स्वयंपाकाची वेळ, आमच्याकडं सकाळी अकरा केल्यावर बायका दुप्पट झाल्या.

तिसरी_फ्रेम:

सगळ्यांचं पटतंय पण जरा दुसरी बाजू पण मांडतो. जे तीन-चार जण सारखे जिंकतात त्यांचा दोष काय? त्यांनी मेहनत केलीय. विषय आणि तालुका असं बंधन घातलं की त्यांना वाटतं आपल्याला मुद्दाम बाजूला काढलं, मग ते जातात, आणि क्लबात शिकवणारे तेच असतात. आमच्याकडं असंच झालं, चांगले लोक गेले आणि मग उरलेल्यांना सांगणारंच कुणी नाही.

त्यांना बाहेरचं मैदान द्या. फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ पासून आहे, तिला जोडलेले क्लब देशभर आहेत, ते राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय सलॉन, म्हणजे निवडलेल्या फोटोंची स्पर्धा-प्रदर्शनं, भरवतात. फियापच्या मान्यतेच्या वेगवेगळ्या देशांतल्या सलॉनमध्ये फोटो स्वीकारले जात गेले की एएफियाप, ईएफियाप अशा पदव्या मिळतात. तिथं हजारो फोटोंतून निवड होते, गावात पहिला येणाऱ्याचा फोटो तिथं सहज परत येतो आणि त्यातून तो अजून शिकतो. खर्च बघून करा हे पण सांगतो, प्रत्येक सलॉनला प्रवेश फी असते आणि स्वीकृतींच्या मागं लागलं की महिन्याला ती चांगलीच वाढते. वर्षात मोजके निवडा.

आणि क्लबात त्यांना वरच्या पातळीवर न्या. म्हणजे दोन पातळ्या, नवोदित आणि प्रगत, नवोदितमध्ये ठरावीक वेळा नंबर आला की प्रगतमध्ये जायचं, परत खाली यायचं नाही. यात मोबाईल कॅमेरा हा प्रश्नच येत नाही, माणूस कुठपर्यंत आलाय एवढंच बघायचं. आणि प्रगतवाल्यांना पाळीपाळीनं नवोदितचं परीक्षण करायला बसवा. दुसऱ्याच्या फोटोवर नीट बोलता येणं हे पण शिकावंच लागतं.

एनलार्जर:

तिसरी_फ्रेम, दोन पातळ्यांचं एकदम बरोबर, जुन्या क्लबांत हेच असायचं. माझं फक्त एवढंच की प्रगतवाल्यांच्या फोटोंवर पण सगळ्यांसमोर बोलायचं, त्यांना सूट नको. त्यांनाच जास्त गरज असते, कारण एकदा जिंकणारी फ्रेम सापडली की माणूस तीच परत परत काढतो, धुक्यातलं एकटं झाड, म्हातारीचे सुरकुतलेले हात, आणि मार्क मिळत राहतात. तिथं कुणीतरी प्रेमानं सांगायला पाहिजे की हे तुला येतं हे कळलं, आता दुसरं आण.

माहुलीकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. प्रिंट काढून कमिटीत वाचून दाखवतो. पुढच्या महिन्याला विषय "ओलं" ठेवायचा प्रस्ताव मांडतोय, आमच्याकडं पाऊस कमी नाही. १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिनाला वर्षभरातल्या प्रिंटांचं छोटं प्रदर्शन वाचनालयातच लावावं असंही डोक्यात आहे, त्यात नंबर आलेले आणि न आलेले दोन्ही, प्रत्येक मेंबरचा एक तरी.

एक शंका राहिली. प्रोजेक्टरवर आमचे फोटो फिके येतात, खास करून कॅमेरावाल्यांचे, मोबाईलवाल्यांचे त्यामानानं बरे दिसतात. प्रोजेक्टर खराब आहे का?

तिसरी_फ्रेम:

प्रोजेक्टर बदलायची घाई करू नका, बहुतेक फाईलचा प्रॉब्लेम आहे. कॅमेऱ्यात किंवा एडिटिंगमध्ये कलर स्पेस, म्हणजे फाईलमध्ये रंग नोंदवायची पद्धत, अ‍ॅडोबी आरजीबी असेल आणि दाखवणारं सॉफ्टवेअर ते ओळखत नसेल तर रंग मेल्यासारखे येतात. फोटो एसआरजीबी या सगळीकडं चालणाऱ्या कलर स्पेसमध्ये कन्व्हर्ट करून घ्या, नुसतं नाव बदलून नाही, एक्सपोर्ट करताना ऑप्शन असतो. साईज १९२० बाय १०८० च्या आत, म्हणजे उभा फोटो असेल तर उंची १०८०. फोटो ग्रुपवर मागवू नका, गूगल फॉर्म नाहीतर ईमेल, अगदीच नाही तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

बैठकीच्या आधी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडी चौकोनांची पट्टी बनवून पडद्यावर टाका, शेवटचे दोन काळे चौकोन वेगळे दिसले पाहिजेत आणि शेवटचे दोन पांढरे पण. नाही दिसले तर प्रोजेक्टरचा डायनॅमिक मोड बंद करून सिनेमा किंवा एसआरजीबी मोडवर टाका, मग ब्राइटनेस काँट्रास्ट थोडा हलवा. आणि वाचनालयाच्या हॉलला वरच्या झडपांमधून उजेड येत असेल तर तिथं काळं कापड लावा, सकाळी अकराला बैठक घेणार असाल तर आधी तेच करावं लागेल.